तरवारीपुढें रिता हात : मोरिहेइ उएशिबा यांचें चरित्र

एकाच्या हातांत तीन फूट लांबीची उघडी तरवार आहे आणि दुसऱ्याच्या हातांत वीतभर पात्याची सुरी आहे. तरवारवाला अंगावर धांवून आला तर सुरीवाल्यानें काय करावें, असा प्रश्न कोणीं विचारला तर आपणांपैकीं बहुतेक जण मागें सरावें असेंच उत्तर देतील. आम्हींही तेंच दिलें असतें. किंबहुना एकदां व्यायामशाळेंत आम्हीं व आमच्या एका स्नेह्यांनीं लाठी व फूटपट्टी घेऊन हा प्रयोग करून पाहिला, आणि मागें सरण्याचा परिणाम आमच्या बोटांच्या पेरांवर दोन दिवस दिसत होता. आपण एक पाऊल मागें टाकितों तों लाठीचें टोंक दोन पावलें पुढें आलेलें असतें.

जपानी वस्ताद ह्याचें उत्तर नेमकें उलट देतात. तरवारीचा पल्ला जेवढा मोठा तेवढी तिच्या आंत शिरलेल्या माणसापुढें ती अवघडते. म्हणून आखूड शस्त्रवाल्यानें किंवा निःशस्त्रानें मागें न जातां तिरकें पुढें जावें, असा त्यांचा पाठ आहे. हें बोलण्यास सोपें आहे. ज्या गृहस्थांनीं तें करून दाखविण्यांत आपलें आयुष्य वेंचलें आणि त्यांतूनच पुढें आयकिदो नांवाची सबंध विद्या उभी केली, त्या मोरिहेइ उएशिबा यांची हकीकत आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

उएशिबा यांचा जन्म १४ डिसेंबर १८८३ रोजीं जपानच्या वाकायामा प्रांतांत, समुद्रकांठच्या तानाबे ह्या गांवीं झाला. त्यापूर्वीं सातच वर्षें, म्हणजे १८७६ सालीं, सरकारनें सामुराई लोकांस कमरेला तरवार लावण्याची मनाई केली होती. ज्या शस्त्राभोंवतीं ह्या मुलाचें सारें आयुष्य फिरावयाचें होतें तें शस्त्र त्याच्या जन्मापूर्वींच रस्त्यांवरून नाहींसें झालें होतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. वडील योरोकू हे सुखवस्तु जमीनदार असून गांवच्या कारभारांत त्यांचें वजन होतें. मुलगा मात्र अशक्त व पुस्तकांत डोकें घालून बसणारा. बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक पुत्र असा किरकोळ निपजलेला पाहून वडिलांनीं त्यास सुमो कुस्ती व पोहणें यांकडे लाविलें, आणि त्याचे पणजोबा किचिएमोन यांच्या अंगबळाच्या गोष्टी सांगून त्याच्या मनांत ईर्ष्या उत्पन्न केली. राजकीय प्रतिपक्षाच्या गुंडांनीं वडिलांस मारहाण केली व ती त्या लहान मुलास डोळ्यांनीं पाहावी लागली, असेंही त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. दुबळ्याच्या अंगीं बळ यावें ही तळमळ त्यांस कां लागली हें शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं.

तारुण्यांतील पहिलीं वर्षें मात्र कोणत्याही होतकरू कारकुनाचीं असावींत तशीं गेलीं. मण्यांच्या पाटीवर हिशेब करण्याची विद्या शिकून ते कर वसूल करणाऱ्या कचेरींत लागले. पुढें तोकियोस जाऊन त्यांनीं कागद-दौतीचें दुकान घातलें. तेथें बेरीबेरीच्या दुखण्यानें गांठलें तेव्हां सर्व सोडून गांवीं परत आले आणि हात्सू नांवाच्या मुलीशीं विवाहबद्ध झाले. रशियाशीं युद्धाचे ढग जमूं लागले त्या वेळीं ते पलटणींत भरती होण्यास गेले, तों उंची किंचित् कमी भरली. पायांस वजनें बांधून झाडाच्या फांदीला लोंबकळत राहून त्यांनीं ती उणीव भरून काढली असें सांगतात. शरीरशास्त्र शिकविणारे आमचे मित्र ह्या गोष्टीस हंसतात. परंतु दुसऱ्या खेपेस ते भरती झाले एवढें खरें. १९०४-०५ च्या युद्धांत ते मांचुरियांत होते आणि संगीन चालविण्यांत त्यांचा हात चांगला बसला होता. साकाइ शहरीं नाकाइ मासाकात्सु ह्या वस्तादांकडे त्यांनीं यागयू पद्धतीच्या झोंबीचे डाव शिकून घेतले, व गांवीं ज्यूदोचाही अभ्यास केला.

१९१२ सालीं त्यांच्या आयुष्यास पहिलें मोठें वळण लागलें. जपानच्या अगदीं उत्तरेस होक्काइदो हें बेट आहे. तेथील ओसाड मुलुखांत वसाहत करण्यास सरकार लोकांस उत्तेजन देत होतें. उएशिबा तानाबे व आसपासचीं ५४ कुटुंबें घेऊन तेथें गेले आणि शिराताकी नांवाच्या ठिकाणीं जंगल तोडून राहिले. पहिलीं वर्षें अतिशय हालांचीं गेलीं. पीक येईना, बर्फ वितळेना. पुढें पुदिन्याची लागवड व लांकडाचा धंदा यांवर वसाहतीनें बाळसें धरलें, तों १९१७ सालीं आग लागून सारा गांव जळाला. पुन्हां उभारणी करण्यांत उएशिबा पुढें होतेच. मोठमोठे ओंडके उचलून उचलून त्यांचे दंड व खांदे असे भरले कीं, ठेंगण्या बांध्याचा हा माणूस रुंदीनें मोठा दिसूं लागला.

त्याच बेटावर १९१५ सालीं एंगारू गांवच्या एका खाणावळींत त्यांची ताकेदा सोकाकु यांच्याशीं गांठ पडली. ताकेदा हे ऐझू प्रांतांतील जुन्या सामुराई घराण्यांतले. उंचीनें उएशिबांहूनही ठेंगणे, स्वभावानें कठोर व कमालीचे संशयी. एका ठिकाणीं फार दिवस न राहतां गांवोगांव हिंडून दाइतो नांवाची विद्या शिकविणें हा त्यांचा व्यवसाय होता, आणि जवळ एखादें शस्त्र बाळगल्याशिवाय ते क्वचितच वावरत. आपल्या बळाचा थोडासा अभिमान बाळगणाऱ्या उएशिबांस ह्या कृश म्हाताऱ्यानें सहज जमिनीस खिळविलें. त्या दिवसापासून घरदार, वसाहत सर्व बाजूस ठेवून उएशिबा त्यांच्यापाशीं राहिले. पुढें त्यांस आपल्या घरीं नेलें, त्यांच्यासाठीं राहण्याची सोय केली, त्यांचें स्वयंपाकपाणी पाहिलें, आणि वर प्रत्येक डावाबद्दल दक्षिणाही मोजली. असा गुरु आम्हांस मिळाला असता तर आम्ही किती दिवस टिकलों असतों हें सांगवत नाहीं!

ह्या दाइतो विद्येंत मनगट धरण्याचे व सोडविण्याचे डाव फार आहेत. नवख्या पाहणारास वाटतें, भांडणांत कोण कोणाचें मनगट धरतो? परंतु जेथें प्रत्येकाच्या कमरेस तरवार आहे तेथें शत्रूस ती उपसूं न देणें हीच पहिली निकड असते, आणि ती उपसणारा हात मनगटापाशींच धरावा लागतो. म्हणजे हे डाव रित्या हाताचे दिसले तरी त्यांच्या मुळाशीं तरवारच आहे.

तरवार उपसली गेली तर काय, हा पुढचा प्रश्न. आणि येथें आम्ही थोडें थांबणार आहों, कारण उएशिबांचें नांव ज्या कसबाबरोबर घेतलें जातें तें हेंच. जपानी लांब तरवार दोन्ही हातांनीं धरितात. उजवा हात पात्यालगत, डावा मुठीच्या शेवटीं, आणि दोहोंच्या मध्यें थोडी जागा सुटते. घाव बसतो तो टोंकाकडील सुमारें तिसऱ्या हिश्श्याचा. मुठीजवळच्या पात्यास धार असली तरी वेग नसतो, त्यामुळें तेथें कापण्याची शक्ति थोडी. सुरीवाल्याची पहिली चूक म्हणजे घाव सुरीवर झेलूं पाहणें. दोन हातांनीं घातलेल्या घावापुढें एका हातांतील वीतभर पोलाद टिकत नाहीं, आणि टिकलें तरी तरवार त्यावरून घसरून बोटांवर येते. दुसरी चूक वेळेची. तरवार वर जाण्यापूर्वींच हाललें तर तरवारवाला आपला रोख बदलतो. ती खालीं येऊं लागल्यावर हाललें तर वेळ निघून गेलेली असते. म्हणून त्याच्या पल्ल्याच्या किंचित् बाहेर उभें राहून वाट पाहावयाची, आणि घाव घालण्याचा निश्चय होऊन तो आतां परत फिरवितां येत नाहीं अशा क्षणीं घावाच्या रेषेंतून निघून तिरपें पाऊल पुढें टाकावयाचें, इतकें कीं आपला खांदा त्याच्या खांद्यास लागावा. तरवार मोकळ्या जागेंत पडते. त्याच वेळीं सुरी त्याच्या मनगटावर आणि आपला दुसरा हात मुठीवर, त्याच्या दोन हातांमधल्या त्या सुटलेल्या जागेंत, गेलेला असतो. मग ओढाताण करावयाची नाहीं. तरवार ज्या दिशेनें पडत होती त्याच दिशेनें मूठ थोडी पुढें नेऊन वळविली म्हणजे तरवारवाला आपल्याच घावाच्या वेगानें ओढला जातो, त्याचीं मनगटें पिळलीं जातात व पकड सुटते. रित्या हाताचा डाव याहून फारसा निराळा नाहीं. सुरीच्या जागीं तळहाताची कड येते, एवढेंच. ह्या कडेस जपानी भाषेंत हाताची तरवार अशाच अर्थाचा शब्द आहे.

हें ज्ञान एकट्या उएशिबांचें नव्हे. १९१२ सालीं जपानांत तरवारबाजीचे जे दहा नमुनेदार पाठ ठरविण्यांत आले त्यांतील शेवटचे तीन आखूड तरवारीनें लांब तरवारीस तोंड देण्याचे आहेत, आणि तिन्हींत आखूडवाला पुढेंच शिरतो. उएशिबांनीं विशेष केलें तें हें कीं, हें पुढें शिरण्याचें पाऊल त्यांनीं साऱ्या विद्येचा पाया केलें. समोर तरवार असो, सुरी असो, काठी असो वा नुसता हात असो, पाऊल तेंच. मात्र हे सर्व पाठ लांकडी तरवारीनें व लांकडी सुरीनें, वर्षानुवर्षें, वस्तादाच्या नजरेखालीं घोटावे लागतात. खऱ्या धारेपुढें पळ काढण्यास वाव असेल तर पळ काढणें हेंच शहाणपण, असें ह्या विद्येचे जाणते शिक्षकही सांगतात. आमच्या उत्साही विद्यार्थ्यांनीं हा परिच्छेद वाचून स्वयंपाकघराकडे वळूं नये!

१९१९ च्या डिसेंबरांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. उएशिबांनीं आपलें घर ताकेदांस देऊन टाकिलें व ते होक्काइदो कायमचें सोडून निघाले. वाटेंत आयाबे ह्या गांवीं ओमोतो नांवाच्या नव्या पंथाचे पुढारी देगुची ओनिसाबुरो यांस भेटण्यास थांबले; घरीं पोंचण्यापूर्वीं, १९२० च्या आरंभींच, वडील निवर्तले होते. ह्या थांबण्याचें शल्य त्यांच्या मनास किती लागलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. कांहीं महिन्यांनीं ते बायकामुलांसह आयाबे येथें राहावयास गेले, आणि त्याच वर्षीं त्यांचे दोन लहान मुलगे आजारानें दगावले. १९२१ सालीं किश्शोमारु हा मुलगा झाला, तोच पुढें वांचला. १९२२ सालीं ताकेदा आयाबेस येऊन कांहीं महिने राहिले व त्यांनीं उएशिबांस आपली विद्या शिकविण्याची सनद दिली. पुढें गुरुशिष्यांत अंतर पडत गेलें. दोष कोणाचा हें ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. दोघेही आपापल्या परीनें हट्टी होते.

१९२४ सालीं देगुची यांनीं मंगोलियांत एक आदर्श राज्य स्थापण्याचा बेत केला आणि उएशिबा त्यांचे रक्षक म्हणून बरोबर गेले. आमच्या मतें हा बेत मुळांतच अविचाराचा होता. चिनी सेनापति चांग त्सो-लिन याच्या शिपायांनीं सर्वांस पकडलें, पायांत बेड्या घातल्या, आणि गोळ्या घालण्याची तयारीही झाली होती. जपानी वकिलातीनें मध्यें पडून त्यांचे प्राण वांचविले. त्या बेड्यांतील सर्वांचें एक छायाचित्र उपलब्ध आहे. मृत्यु इतक्या जवळून पाहून आल्यावर उएशिबा अधिक अबोल झाले व एकांतांत अधिक साधना करूं लागले, असें त्यांच्या घरच्यांनीं लिहिलें आहे.

पुढच्याच वर्षीं, १९२५ च्या वसंत ऋतूंत, ती प्रसिद्ध गोष्ट घडली. आरमारांतील एक अधिकारी, जो तरवारबाजीचा शिक्षकही होता, आयाबेस आला. बोलण्यांत कांहीं मतभेद होऊन त्यानें उएशिबांस सामन्याचें आव्हान दिलें. त्याच्या हातांत लांकडी तरवार होती; उएशिबांनीं कांहींच घेतलें नाहीं. लांकडी म्हणून ती कमी समजूं नये; जपानच्या इतिहासांत लांकडी तरवारीनें माणसें मेलेलीं आहेत. अधिकारी घावामागून घाव घालीत राहिला आणि प्रत्येक वेळीं उएशिबा त्या रेषेंतून निघून गेले. त्यांनीं त्याची तरवार हिसकावली नाहीं, त्यास पाडलें नाहीं, हातही लाविला नाहीं. शेवटीं तो थकून बसला आणि सामना संपला. त्यानंतर उएशिबा विहिरीवर घाम धुण्यास गेले असतां त्यांस एक विलक्षण अनुभव आला. सारें जग सोनेरी प्रकाशानें भरून गेलें आहे व आपण त्याहून वेगळे नाहीं असें त्यांस वाटलें. अशा अनुभवांची परीक्षा करणें आमचें काम नव्हे. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें त्याच्या अगोदरचें. तोंपर्यंत जी विद्या दुसऱ्याचें शस्त्र काढून घेऊन त्याचें मनगट मोडण्यापर्यंत जात असे, ती त्या दिवशीं त्या माणसास इजा न करितां परत पाठविण्यावर थांबली; आणि यापुढें युद्धकला म्हणजे प्राणिमात्राचें रक्षण असें ते शिकवूं लागले.

परंतु माणसाच्या मनांत उजेड पडला म्हणून काळ थोडाच बदलतो? अॅडमिरल ताकेशिता इसामु यांच्या आग्रहावरून ते १९२७ सालीं तोकियोस येऊन स्थायिक झाले. १९३० सालीं ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांनीं त्यांचें काम पाहिलें आणि प्रसन्न होऊन आपले शिष्य त्यांच्याकडे शिकण्यास पाठविले. १९३१ सालीं शहराच्या वाकामात्सु भागांत कोबुकान नांवाची तालीम उघडली. तेथील शिक्षण इतकें कडक असे कीं, लोक तिला नरकाची तालीम म्हणत. ह्याच काळांत जपानांत लष्कराचें प्राबल्य वाढत होतें. उएशिबा आरमारी व लष्करी विद्यालयांतून शिकवीत; नाकानो येथील हेरांच्या शाळेंतही त्यांनीं शिकविलें. शत्रूस इजा न करण्याची भाषा बोलणारा गुरु, आणि समोर चीनमध्यें लढण्यास निघालेले तरुण! त्यांच्या भक्तांनीं लिहिलेल्या चरित्रांत ह्या वर्षांवरून लेखणी जरा घाईनें फिरते. आम्हांस ती घाई योग्य वाटत नाहीं. एखाद्या विद्येचा हेतु शिकविणारा ठरवितो, परंतु तिचा उपयोग शिकणारा करितो, आणि हें उएशिबांस दिसत नसेल असें आम्ही मानीत नाहीं.

१९४२ सालीं, युद्ध ऐन भरांत असतां, प्रकृतीचें कारण पुढें करून त्यांनीं तोकियोंतील सर्व जागा सोडल्या. तालीम मुलाच्या हवालीं केली आणि इबाराकी प्रांतांतील इवामा गांवीं, पूर्वीं घेऊन ठेविलेल्या जमिनीवर, पत्नीसह शेती करण्यास ते निघून गेले. त्यांच्या विद्येस आयकिदो हें नांव अधिकृतपणें मिळालें तें ह्याच वर्षीं. तोकियोवर बाँबचा वर्षाव झाला तेव्हां विद्यार्थिदशेंतील किश्शोमारु यांनीं आगींतून ती तालीम वांचविली, व युद्धानंतर बेघर झालेल्या अनेक कुटुंबांनीं तिच्याच चटयांवर दिवस काढले. युद्धानंतर जेत्यांनीं शस्त्रविद्यांवर बंदी घातली. १९४८ सालीं आयकिदोच्या संस्थेस सरकारची मान्यता मिळून ती पुन्हां उघडपणें सुरू झाली.

इवामा येथील वर्षें आम्हांस त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत सुंदर वाटतात. शेतांत काम, देवघरांत प्रार्थना, आणि उरलेल्या वेळांत लांकडी तरवार व काठी यांचा पुन्हां मुळापासून अभ्यास. १९४६ सालीं साइतो मोरिहिरो नांवाचा १८ वर्षांचा एक मुलगा तेथें शिकण्यास आला आणि गुरूंच्या मरणापर्यंत त्यांच्याजवळ राहिला. रित्या हाताचा प्रत्येक डाव तरवारीच्या कोणत्या हालचालींतून निघाला हें आज जें समजतें, त्यांतील फार मोठा भाग ह्या एका शिष्यानें जपून ठेविला. सामने व चढाओढी उएशिबांनीं आपल्या विद्येंत येऊं दिल्या नाहींत. ज्याचा हेतु कोणास न हरविणें हा आहे त्यांत जिंकणारा कोण ठरवावयाचा, असा त्यांचा विचार होता.

त्यांचीं वृद्धपणचीं चलच्चित्रें आजही पाहावयास मिळतात. पांढरी दाढी, किडकिडीत देह. लांकडी तरवार घेतलेला धिप्पाड शिष्य धांवून येतो, आणि हातांत कधीं पंखा, कधीं कांहींच नसलेला हा वृद्ध त्याच्या खांद्यालगत जाऊन उभा राहतो. येथें आमच्यांतील शंकेखोर जागा होतो. आपल्या पूज्य गुरूंवर घाव घालणारा शिष्य खराखुरा घाव घालील काय? कदाचित् पूर्ण जोरानें नसेल घालीत. परंतु चित्र हळू फिरवून पाहिलें असतां एक गोष्ट शंकेस जागा देत नाहीं, ती म्हणजे पाऊल पडण्याची वेळ. तरवार अजून वरच आहे, आणि म्हातारा अगोदरच आंत आलेला आहे.

१९६० सालीं जपान सरकारनें त्यांस जांभळ्या फितीचें पदक दिलें. १९६१ सालीं ते हवाई बेटांत जाऊन आले. आयुष्याच्या अखेरीस त्यांस यकृताचा कर्करोग झाला. चालतांना दुसऱ्याचा आधार लागे, तरी तालमींत पाऊल टाकितांच ते आधार सोडून देत, असें त्यांच्या शिष्यांनीं सांगितलें आहे. २६ एप्रिल १९६९ रोजीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, ते वारले. होक्काइदोच्या बर्फापासून इवामाच्या शेतापर्यंत ज्यांनीं त्यांची साथ केली त्या हात्सूबाई दोनच महिन्यांनीं त्यांच्या मागोमाग गेल्या. उएशिबांची समाधि त्यांच्या जन्मगांवीं, तानाबे येथें आहे.